तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या दुर्बिणीच्या भिंगांवरचं कोटिंग, म्हणजे चकाकी कमी करणारा पातळ थर, ओरिजिनल आहे का?

फोटोवरून नाही सांगता येत. हे इतक्या जणांना लिहून झालंय की हल्ली तेच उत्तर कॉपी-पेस्ट करतो, आणि मग 'सर भाव खातात' असं कानावर येतं. म्हणून एकदा सविस्तर.

तुमचा फोटो साधारण असा असतो: अलंगला मोडलेल्या जहाजांच्या भंगारातून नाहीतर चोरबाजारातून आलेली 7×50 (सातपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 50 मिलिमीटरची), पुढची दोन भिंगं, वर घरातला पिवळा एलईडी. खाली ओळ, 'जांभळं दिसतंय, म्हणजे ओरिजिनल ना?' पांढरं कशाला म्हणायचं हे मोबाईल स्वतःच्या मनाने ठरवतो, त्यामुळे जांभळ्याचं निळं होतं आणि अंबरचं सोनेरी. शिवाय तुम्ही दाखवता ते सगळ्यांत बाहेरचं पृष्ठ. साध्या पोरो (जुन्या धाटणीच्या, खांदे काढलेल्या) दुर्बिणीत एका नळीत उजेड दहा वेळा हवा-काचेची हद्द ओलांडतो: ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे पुढच्या भिंगाच्या दोन, दोन प्रिझमच्या चार, आयपीसच्या, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगांच्या चार. दहांतली एक दाखवून उरलेल्या नवांची हमी मागताय.

पूर्वीचा मी इथे तोंड घालेल. त्याचं म्हणणं, रंग बोलतो. ते खोटं नाही. मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर साधारण 100 नॅनोमीटरचा, हिरव्या उजेडासाठी बेतलेला. म्हणून परत फिरतो तो तांबडा-निळा, आपल्याला जांभळट दिसतो. थर जरा पातळ पडला की झाक पिवळट-तपकिरी येते, जुन्या जपानी मालावर दिसते ती. लालभडक 'रूबी' तर लाल उजेड फेकूनच देते आणि आतलं चित्र हिरवट-निळं करून ठेवते. 'जर्मन, ओरिजिनल' म्हणून हीच खपवतात. साल काढायलाही रंग उपयोगी पडतो. झाईस या जर्मन कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांचं असल्या कोटिंगचं पेटंट 1935 चं. त्यामुळे 1920 च्या सुमाराची दुर्बीण आतबाहेर एकसारखी जांभळी असेल, तर तो थर नंतर कोणीतरी चढवलाय.

पण 'कोणीतरी' म्हणजे कोण? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर लष्करी दुर्बिणी दुरुस्तीला आल्या की बिनकोटिंगच्या काचांवर थर चढवून परत पाठवायचे. सरकारी दुर्बीण, सरकारी दुरुस्ती. तिला ओरिजिनल म्हणायचं की नाही? पूर्वीचा मी बेधडक 'नाही' म्हणायचा. मी गप्प बसतो.

आणि कोणीच काही न चढवताही काच निळसर होते. 1890 च्या दशकात एच. डेनिस टेलर या ब्रिटिश भिंगतज्ज्ञाच्या लक्षात आलं की हवेने डागळलेलं जुनं भिंग नव्यापेक्षा जास्त उजेड आत सोडतं. काही जातींच्या काचेवर वर्षानुवर्षांत आपोआप एक झाक धरते. ती बहुधा ढगाळ असते, जागोजागी वेगळी. फोटोत मात्र झकास कोटिंग दिसते.

सर्व्हिस केलेल्या पीसचं आणखी वेगळं. कोकण-मुंबईच्या हवेत बुरशी ठरलेली. ती काढायला कोणी पॉलिशची पेस्ट घासली, की जुनं मऊ कोटिंग तिच्याबरोबर जातं. हे ओळखायचं असेल तर भिंग अडकवणारी रिंग काढा. रिंगखालच्या काठाला बोटाचं नख पोचणार नाही इतकी बारीक जांभळी कड उरलेली असते आणि मधली काच साफ पांढरी. ती कड एकदा पाहिलीत की दुकानदाराचं 'ही अशीच येते' ऐकून घेववत नाही.

आता ज्या प्रसंगामुळे मी असा तिरसट झालो तो.

साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक आले होते. थोरले भाऊ मर्चंट नेव्हीत. त्यांची जपानी 7×50 त्यांच्यामागे सरांकडे आली. सरांनी ती मुंबईत एकाकडे बुरशी काढायला दिली होती. परत आल्यापासून उजवीकडे अंधारं दिसतं, ही तक्रार.

ट्यूबलाइटखाली आयपीस तिरके धरून पाहिलं. प्रत्येक पृष्ठ आपापली एक छोटी ट्यूब दाखवतं. डावीकडे सगळ्या रंगीत, जांभळ्या आणि पिवळट. उजवीकडे तशाच, पण खोलवर एक लख्ख पांढरी. ती सरांनीच आधी टिपली. "ही काय?"

"हे प्रिझम. याला कोटिंग नाही."

वरची प्लेट काढली. स्क्रूच्या खाचा खाल्लेल्या होत्या, धातू ताजा चमकत होता. डाव्या प्रिझमच्या खरखरीत बाजूवर पेन्सिलने टाकलेला आकडा होता. उजव्यावर काहीच नाही. प्लेट बसवून मागून निघणारे उजेडाचे गोल पाहिले. दोन्ही पुरे गोल, हलक्या जातीच्या काचेच्या प्रिझमने कापल्या जातात तशा कडा कुठे चौकोनी नाहीत. म्हणजे काचेच्या जातीत तरी फरक दिसत नव्हता.

"प्रिझम बदललं, एवढं लिहून द्या," सर म्हणाले. "मी त्याच्याकडे जातो."

मी म्हटलं, कोटिंग नाही असं लिहितो, आकडा नाही असं लिहितो. बदललं असेलही. पण ते त्यानेच बदललं हे कशावरून? जहाजावरची दुर्बीण, कितीदा कोणी उघडली असेल कोण जाणे. आणि सर, याने अंधार येत नाही. बिनकोटिंगच्या पृष्ठावर चारेक टक्के उजेड जातो, कोटिंग असेल तर सव्वा-दीड टक्का. प्रिझममध्ये उजेड एकाच पृष्ठातून आत जातो आणि त्यातूनच बाहेर पडतो, म्हणजे दोनदा. एकूण फरक पाच-सहा टक्क्यांचा. एवढा डोळ्याला कळत नाही.

त्यांना पटेना. मग मी दुर्बीण वरची बाजू खाली अशी उलटी करून त्यांच्या हातात दिली, म्हणजे उजवी नळी डाव्या डोळ्याला. समोरच्या इमारतीवरच्या टाकीकडे बघा म्हटलं. त्यांनी पाहिलं. पुन्हा सुलटी केली, पुन्हा उलटी. अंधार नळीबरोबर सरकला नव्हता. उजव्या डोळ्यापाशीच राहिला होता.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग सर म्हणाले, "डोळ्याचं मी बघून घेईन. तुम्ही प्रिझमचं लिहा."

मी लिहिलं ते असं: उजवीकडील एका प्रिझमला कोटिंग नाही, इतर पृष्ठांना आहे, केव्हापासून ते सांगता येत नाही. त्यांनी कागद वाचला, घडी न घालता टेबलावर ठेवला. "तुम्हीही त्यांच्यातलेच," म्हणाले आणि दुर्बीण पिशवीत टाकून गेले. नंतर त्यांचा फोन नाही. मी केला तो उचलला नाही.

घरात यावर अजून वाद होतो. बायकोचं म्हणणं, ताजे खाल्लेले स्क्रू तू स्वतः पाहिलेस, मग आणखी कसला पुरावा हवा होता? खाचा ताज्या होत्या हे खरंच. पण बुरशी काढायला उघडली म्हणजे स्क्रू फिरणारच, त्यावरून प्रिझमची चोरी कशी ठरवायची? हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी माझ्याच कानाला ते दुकानदाराची बाजू घेतल्यासारखं वाटतं. पूर्वीच्या मीने बिनदिक्कत 'बदललं' लिहून दिलं असतं, आणि कदाचित तेच खरं असतं. एखाद्याच्या धंद्यावर ओरखडा ओढायला 'कदाचित' पुरतं का? त्या दिवशी नाही म्हटलं. आज विचाराल तर आज काय म्हणेन, माहीत नाही.

रूफ प्रिझमवाल्यांनी (सरळ नळ्यांच्या दुर्बिणीवाल्यांनी) तर रंग विचारूच नये. त्यांच्यातलं महत्त्वाचं फेज कोटिंग (प्रिझमवरचा, चित्र धारदार ठेवणारा थर), झाईसने 1988 मध्ये आणलेलं, बाहेरून रंगाने कळतच नाही. पांढऱ्या एलसीडी पडद्याकडे दुर्बिणीतून बघा आणि आयपीसमागे पोलराइज्ड गॉगलची काच फिरवा. उजेडाच्या गोलाचे दोन अर्धे वेगवेगळे गडद-फिके होत गेले, तर ते कोटिंग नाही. पोरोला याची गरज नसते, तेव्हा पोरो 8×30 वर 'फेज कोटेड आहे का' हेही विचारू नका.

तर फोटो पाठवू नका. ट्यूबलाइट लावा, बाकीचे दिवे बंद करा, डावी-उजवी नळी ताडून बघा, पुढून आणि मागून. पांढरी ट्यूब कुठे दिसते ते सांगा, मग बोलू. दुर्बीण घेऊन आलात तर एकेका पृष्ठापुढे 'आहे', 'नाही' किंवा 'घासलंय' लिहून देईन. 'ओरिजिनल' हा रकाना माझ्या वहीत नाही. हवाच असेल तर विकणाऱ्याकडून लिहून घ्या. तो लगेच देतो.