थंडीतली मिसिंग, उन्हाळ्यातली भेग

धुळ्यात डिसेंबरच्या मध्याला पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरू लागला, की माझी २००१ सालची दोन आसनी स्पोर्ट्स कार सुरू होताच 'मिसिंग' करू लागायची, म्हणजे इंजिनाचे काही ठोके चुकून ती थरथरू लागायची. पहिल्याच सेल्फला इंजिन चालू होई, आरपीएमचा काटा क्षणभर १४०० वर जाई आणि मग ५०० ते ९०० च्या दरम्यान खाली-वर होत राही. गिअरचा दांडा हाताला मुंग्या येतील इतका कापे आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येई. चार-पाच मिनिटांत इंजिनाला ऊब आली की काटा ८५० वर स्थिरावे, आणि मग दिवसभर, अगदी लळिंगचा घाट चढतानाही, तक्रारीला जागा नसे.

आपोआप बरी होणारी तक्रार शोधायला सर्वांत कठीण, कारण गाडी गॅरेजच्या दारात पोहोचेपर्यंत ती नाहीशी झालेली असते. बाहेरगावच्या एका वर्कशॉपने प्लग आणि इग्निशन कॉइल बदलले, इंजेक्टर साफ केले आणि मोठे बिल हातात दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच थरथर होती. त्यानंतर मी ठरवले, की मोजल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही.

गाडी रात्रभर उभी राहिल्याशिवाय दोष दिसत नसल्यामुळे दिवसाला एकच चाचणी शक्य होती. म्हणून मी एक वही केली आणि तीत रोज भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा, काटा किती खाली गेला आणि किती मिनिटांत स्थिरावला, एवढेच लिहू लागलो.

पहिला संशय इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, म्हणजे कूलंटच्या, तापमान-सेन्सरवर होता. थंड इंजिनाला पेट्रोल किती जास्त द्यायचे, हे कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा संगणक, प्रामुख्याने त्याच्यावरून ठरवते, आणि तो खोटे सांगत असेल तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. ही तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन सुरू न करता सेन्सरांचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावला, की कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसायला हवे. थर्मामीटर ११ अंश दाखवत होता आणि स्कॅनरवर दोन्ही आकडे १२ होते. सेन्सर निर्दोष ठरला.

पुढे मी आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, हवा देणारा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह उतरवला. त्यात काजळी साचलेली होती. ती साफ केल्यावर दोन दिवस गाडी शांत चालली आणि घरात मी तसे जाहीरही केले. तिसऱ्या दिवशी थरथर परतली. वही उघडल्यावर उलगडा झाला: ते दोन दिवस ढगाळ होते आणि पहाटेचे तापमान १६ च्या आसपास होते. पंधराच्या वर गाडी ठीक, अकराच्या खाली बेजार, हे पानांवर इतके स्पष्ट दिसत होते, की व्हॉल्व्हचे श्रेय मला काढून घ्यावे लागले.

खरा धागा सापडला तो फ्युएल ट्रिममध्ये. इंजिन गरम झाल्यावर, बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या सांगण्यावरून कंट्रोल युनिट पेट्रोल कमी-जास्त करते आणि ती दुरुस्ती टक्क्यांत दाखवते. गरम गाडीत आयडलिंगला ती अधिक १४ टक्के होती आणि २५०० आरपीएमला केवळ अधिक ३. इंधनपंप कमजोर असता, तर इंजिनाची मागणी वाढल्यावर फरक वाढायला हवा होता. येथे उलट होते, आणि त्याचा अर्थ असा, की एअर-फ्लो सेन्सरने न मोजलेली थोडी हवा कुठून तरी आत शिरत होती. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा घेते, म्हणून तेवढी गळतीही तेथे मोठी ठरते. गरम इंजिन ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने स्वतःला सावरते. थंडीत तो सेन्सर तापलेला नसतो, पेट्रोलची वाफही नीट होत नाही, आणि मिश्रण पातळ पडून, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, मिसिंग सुरू होते.

आकडे घेऊन मी साक्री रोडवरच्या आमच्या जुन्या मेकॅनिककडे गेलो. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी वही शांतपणे वाचली आणि म्हणाले, "भाऊ, इंजिन चोरीसन हवा पी ऱ्हायनं." त्यांच्याकडे गळती शोधायचे घरगुती धूर-यंत्र आहे: घट्ट झाकणाचा डबा, त्यात बेबी ऑइल, ते तापवायला डिझेल गाडीचा ग्लो प्लग आणि हलका दाब देणारा पंप. दुपारी इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, धूर सोडला, पण कुठूनही बाहेर आला नाही. मी खट्टू झालो. नानांनी मात्र गाडी रात्री तिथेच ठेवून जायला सांगितले.

पहाटे सहाला, इंजिनाला हात न लावता, पुन्हा धूर सोडला. मिनिटभराने इनटेक मॅनिफोल्डच्या खालून, टॉर्चच्या उजेडात, दोऱ्याइतकी बारीक रेघ वर आली. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागाच्या, वाफा इनटेकमध्ये नेणाऱ्या रबरी पाइपचा तो खालचा वाक होता. पाइप काढून मी हातात घेतला. रबर कसले, वाळलेले लाकूडच ते. वरून केसासारखी दिसणारी भेग पाइप वाकवताच दीड इंच उघडली आणि तिच्या कडा आतून राखाडी, भुसभुशीत झालेल्या होत्या. थंडीत रबर आकसले की ती उघडायची आणि ऊब मिळाली की जवळजवळ मिटायची; उरलेल्या फटीतून चालू इंजिनाची ओढ थोडी हवा खेची, पण धुराच्या हलक्या दाबाला ती फट पुरेशी नव्हती. दुपारचा धूर म्हणूनच आतल्या आत राहिला होता. दोष थंडीत दिसला, तरी तो घडला होता आमच्या उन्हाळ्यात. मे महिन्यात खान्देशात ४४-४५ अंशांत उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॉनेटखालचे रबर वर्षानुवर्षे असेच भाजून निघते.

तात्पुरता रेडिएटरचा पाइप कापून बसवावा, असे एका मदतनीसाने सुचवले, पण नानांनी साफ नकार दिला, आणि ते योग्यच होते, कारण तेलाच्या वाफेने तसले रबर फुगून मऊ पडते. तेल सोसणाऱ्या रबराचा, त्याच वाकाचा पाइप मागवायला तीन आठवडे लागले. तेवढ्या काळात मी गाडी झाकून ठेवली. त्याच वयाचा, इनटेकलाच जोडलेला ब्रेक बूस्टरचा (ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या भागाचा) पाइपही मी सोबत मागवून बदलला. त्याला भेग नव्हती, पण नखाने दाबल्यावर तोही दबत नव्हता.

जानेवारीच्या अखेरीस थर्मामीटर ९ अंशांवर असताना पहिला सेल्फ मारला. काटा १३०० वर गेला, तिथे टिकला आणि इंजिन तापेल तसा सावकाश ८५० वर आला. गिअरचा दांडा स्थिर होता. गरम झाल्यावर ट्रिम अधिक २ दिसली, आणि तो आकडा मी वहीत लिहिला.