आजीच्या निकालाची नक्कल

पणजीच्या लष्करी न्यायालयाने 1955 साली माझ्या आजीला शिक्षा सुनावली, त्या निकालाची नक्कल हाती यायला मला दीड वर्ष लागले. त्यातले पहिले काही महिने आम्ही चुकीच्या पानांवर शोधत राहिलो. पोर्तुगीज कागदपत्रांत ‘श’ हा ‘एक्स’ने लिहितात आणि ‘क’ बहुधा ‘सी’ने, हे एका निवृत्त शिक्षकांनी सांगितल्यावर आजी सापडली.

निकाल चार पानांचा होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने 1951 मध्ये गोव्याला सागरपार प्रांत, म्हणजे पोर्तुगालचाच भाग, ठरवल्यापासून, गोवा भारतात जावा असे म्हणणे म्हणजे पोर्तुगाल तोडण्याचा गुन्हा होता आणि तो तपासायला न्यायासनावर लष्करी अधिकारी बसत. त्याआधीही, 1946 मध्ये, गोव्याचे स्वातंत्र्यसेनानी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना अशाच न्यायालयाने 8 वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. स्त्रियांनाही सूट नव्हती. 6 एप्रिल 1955 रोजी म्हापशात गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष झालेल्या सुधाताई जोशी तुरुंगात गेल्या. मित्रा काकोडकर, म्हणजे पुढच्या मित्रा बीर, यांना वयाच्या 22व्या वर्षी 12 वर्षांची शिक्षा झाली.

आजीच्या नावापुढे व्यवसाय म्हणून एकच शब्द होता, ‘दोमेश्तिका’, म्हणजे घर सांभाळणारी. पुढे कोणाची मुलगी, कोणाची बायको, आणि मग ‘लिहितावाचता येत नाही’. इथे मी थांबले. आजी मराठी शाळेत चार इयत्ता शिकली होती, आणि याच निकालात तिच्यावरचा मुख्य आरोप मराठी पत्रके वाचून दाखवल्याचा व वाटल्याचा होता. पत्रके वाचणाऱ्या बाईला निरक्षर ठरवताना त्या अधिकाऱ्यांना काहीच खटकले नाही, याचा मला आजही संताप येतो. पोर्तुगीज न येणे म्हणजेच निरक्षर असणे, असा त्यांचा हिशेब असावा, असे मला वाटते.

आई म्हणाली, “क्वार्तेलात, म्हणजे पोलिस ठाण्यात, जबाबावर आपली सही घेतली नाही, अंगठा घेतला, हे आजी शेवटपर्यंत सांगायची.” कोठडीतल्या मारापेक्षा ती ह्या अंगठ्याबद्दल अधिक बोले. निकालाला जबाब जोडलेला नाही. तो वेगळ्या गठ्ठ्यात असतो, असे कळल्यावर मी दुसरा अर्ज दिला. या वेळी नाव दोन्ही प्रकारे लिहिले आहे आणि सोबत आजीची देवनागरीतली सही असलेले तिचे एक जुने पत्रही जोडले आहे.