तुम्ही विचारलंत म्हणून: कॅडफेल कुठून वाचायला घ्यावा?

ब्रदर कॅडफेलच्या रहस्यकथांबद्दल मी कुठेही बोलले की हमखास विचारलं जातं, "वीस कादंबऱ्या आहेत, सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. दुसरीपासून करा. 'वन कॉर्प्स टू मेनी', १९७९.

एडिथ पार्जेटर यांनी ही मालिका एलिस पीटर्स या टोपणनावाने लिहिली. काळ बाराव्या शतकातला, ठिकाण इंग्लंडमधलं श्रूजबरी. गावाला सेव्हर्न नदीचा विळखा आणि पुलापलीकडे बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ. कॅडफेल मूळचा वेल्सचा. तरुणपणी धर्मयुद्धात लढलेला, दर्यावर फिरलेला आणि पुढे मठात येऊन औषधी वनस्पतींची बाग सांभाळणारा.

१९७७ ची पहिली कादंबरी चांगलीच आहे, पण तिचा बराचसा भाग वेल्समध्ये घडतो. मठातले साधू एका संत स्त्रीच्या अस्थी आणायला तिकडे जातात. शिवाय पार्जेटरबाईंच्या मनात तेव्हा मालिका नव्हतीच. श्रूजबरीचं जग खऱ्या अर्थाने उभं राहतं ते दुसऱ्या पुस्तकात, आणि तेही युद्धाच्या तोंडावर.

साल ११३८. गादीसाठी राजा स्टीफन आणि त्याची मामेबहीण मॉड यांच्यात यादवी पेटलेली. स्टीफन श्रूजबरीचा किल्ला घेतो आणि आतल्या शिबंदीला फासावर चढवतो. हा वेढा आणि हे फाशीसत्र इतिहासात खरोखर घडलेलं आहे. कादंबरीत फाशी दिलेल्यांचा आकडा चौऱ्याण्णव आहे. त्यांना निदान माणसासारखी मूठमाती मिळावी म्हणून कॅडफेल पुढे होतो. एकेक प्रेत नीट ठेवताना तो मोजत जातो, आणि मोजणी पंच्याण्णववर येऊन थांबते.

मला या पुस्तकात सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते हेच पान. पंच्याण्णवावा एक तरुण मुलगा आहे. त्याच्या गळ्यावरचा वळ फाशीच्या जाड दोराचा नाही, मागून आवळलेल्या बारीक दोरीचा आहे. कुणीतरी त्याला मारून या ढिगात टाकून दिलं, इतक्या प्रेतांत एक कोण मोजतंय या भरवशावर. कॅडफेल मोजतो. आणि ज्याने फाशीचा हुकूम दिला त्या राजापुढेच उभा राहून सांगतो की यातला हा एक तुमच्या हुकमाने मेलेला नाही, याचा खून झालाय. युद्धात शेकड्यांनी माणसं मरत असताना एका खुनाचा शोध कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. त्या मुलाचं नाव शोधून काढण्याची कॅडफेलची धडपड वाचताना मला दरवेळी भरून येतं.

दुसरीपासूनच का, याला आणखी एक कारण आहे. या गोष्टीत एका माणसाबद्दल वाचकाला सतत शंका येत राहते. हा मित्र की वैरी, याचा थांग लागत नाही. दोन हुशार माणसं एकमेकांवर कुरघोडी करतात ती प्रकरणं तर मी कितीही वेळा वाचू शकते. तुम्ही पुढचं कुठलंही पुस्तक आधी उघडलंत, तर ती शंका पहिल्या काही पानांतच फिटेल आणि ही मजा कायमची हातची जाईल. म्हणून त्याचं नाव इथे लिहीत नाही.

यानंतर पहिलं वाचा, मग तिसरं. तिसऱ्यात कॅडफेलने सांधेदुखीसाठी केलेलं तेलच कुणीतरी विष म्हणून वापरतं. त्या तेलातली वनस्पती आपल्या बचनागाच्या कुळातली. मुळी ठेचणं, तेलात मुरवणं, दुखऱ्या सांध्यावर चोळणं हे सगळं पार्जेटरबाई अशा सहजतेने लिहितात, की त्यांनी तरुणपणी औषधांच्या दुकानात काम केलं होतं हे कळल्यावर मला नवल वाटलं नाही.

तिथून पुढे क्रमानेच जा, कारण पात्रांची वयं वाढतात, लग्नं होतात, मठाधिपती बदलतात, यादवी चालूच राहते. १९९४ चं विसावं पुस्तक मात्र घाईने उघडू नका. त्यात कॅडफेल जे पणाला लावतो ते त्याच्यासाठी किती मोठं आहे, हे आधीची पुस्तकं वाचलेल्यालाच उमगतं.