उत्सव आमचा आहे, सरकारने आपलं काम बघावं

जुलै २०२५मध्ये सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी विधानसभेत सार्वजनिक गणेशोत्सव हा 'राज्य महोत्सव' असल्याचं जाहीर केलं. मी पहिल्या मतापासून युतीचा मतदार. हिंदुत्व मला घरातून मिळालं, प्रचारातून नाही. तरीही ती बातमी ऐकून मला आनंद झाला नाही. मत दिलेल्या सरकारला खडसावायचा पहिला हक्क मतदाराचाच, म्हणून लिहितोय.

पाठोपाठ १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजारांचं अनुदान जाहीर झालं. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावातही चर्चा सुरू झाली की आपणही अर्ज करू. मी मंडळाचा हिशेब सांभाळतो. पखवाजाची पुडी बदलायची, पेटीचा भाता दुरुस्त करायचा, सप्ताहाला मंडप घालायचा, हे सगळं आजवर पावतीपुस्तकावर झालं. उसाचं बिल जमा झालं की लोक स्वतःहून येतात. पन्नास रुपये देणारी म्हातारीही दुसऱ्या दिवशी बुवांना विचारते, "काल हरिपाठ उशिरा का सुरू झाला?" तो तिचा अधिकार आहे. पैसे मंत्रालयातून आले की आम्ही उत्तर तिला देणार नाही, अर्ज तपासणाऱ्या कारकुनाला देऊ. माझी खरी भीती ही आहे.

कोणी म्हणेल, राजाश्रय तर परंपरेतच आहे. आहेच. आमच्याच जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं शिस्तबद्ध रूप दिलं, तेव्हा अंकलीचं शितोळे सरदारांचं घराणं पाठीशी उभं राहिलं. आजही माउलींचे अश्व अंकलीहूनच येतात. पण शितोळ्यांनी दिलं ते स्वतःच्या घरचं, आणि पिढ्यानपिढ्या सेवा म्हणून. २०२४ साली दिंड्यांना वाटलेले २० हजार करदात्याच्या खिशातले होते, आणि तेही विधानसभेच्या निवडणुकीआधीच्या आषाढीला. वारकऱ्याला वाटेत पाणी हवं, स्वच्छतागृह हवं, पालखी मार्गावर सावलीची झाडं हवीत. तेवढं सरकारने मन लावून करावं. दिंडीचा खर्च दिंडी भागवते, शतकानुशतकं भागवत आली आहे.

१८९३ साली लोकमान्यांनी उत्सव चौकात आणला तो परक्या सरकारच्या नजरेसमोर, लोकवर्गणीवर. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती तेव्हापासून बसतोय. आपली माणसं सरकारशिवाय एकत्र येऊ शकतात, हेच त्या उत्सवाचं बळ होतं.

आमचे कार्यकर्ते 'मंदिरं सरकारमुक्त करा' म्हणतात, आणि ते रास्तच आहे. सिद्धिविनायकाचा कारभार १९८०च्या कायद्याने चालतो, शिर्डीचा २००४च्या. विश्वस्त सरकार नेमतं, म्हणजे सत्ता बदलली की खुर्च्यांवरची माणसं बदलतात. मग देवळातून ज्याला बाहेर काढायचं म्हणतो, त्यालाच मांडवात पाट मांडून का बसवायचं? आज आपलं सरकार आहे. उद्या दुसरं आलं आणि म्हणालं, अनुदान हवं तर देखावा आम्ही सांगू तोच करा, तर काय उत्तर देणार?

सरकारने करायचं काम वेगळंच आहे, आणि तिथेच ते कच खातं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, वर्षातले मोजके पंधरा दिवस बारापर्यंत सूट. स्पीकरच्या भिंती मात्र तशाच उभ्या राहतात. पुण्याची २०२५ची विसर्जन मिरवणूक तीस तासांहून जास्त चालली. ही परंपरा नव्हे. परंपरेत आरतीची वेळ असते, क्रम असतो, थोरांचा धाक असतो. लेझर डोळ्यांत मारणाऱ्या मंडळावर गुन्हा नोंदवायला अनुदान लागत नाही, हिंमत लागते. आणि हे आमच्या पक्षाच्या नगरसेवकाचं मंडळ असलं, तर आधी त्याच्यावर नोंदवा.

मंडळाच्या बैठकीत मी हेच मांडलं. तरुण पोरं अर्जाच्या बाजूने आहेत. नवा पखवाज, नवी पेटी येईल म्हणतात, आणि त्यांची हौस खोटी नाही. मी त्यांना सांगितलंय, अर्ज करण्याआधी एकदा पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरूया. मी पुढे चालतो.