‘एस’च्या अलीकडे की पलीकडे

नाशिकच्या जिल्हा न्यायालयाजवळ, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरात, मी दस्तऐवजांच्या भाषांतराचे काम करते. खरेदीखते, मृत्युपत्रे, वाटणीपत्रे असे कागद नेहमीचेच. परंतु द्राक्षांची निर्यात वाढल्यापासून शेतकऱ्यांच्या हातातही इंग्रजी करार येऊ लागले आहेत. ऑक्टोबर छाटणीच्या ऐन धांदलीत दिंडोरी तालुक्यातील तीन बागायतदार, दोन सख्खे भाऊ आणि त्यांचा चुलतभाऊ, असेच एक भागीदारीपत्र घेऊन आले. मूळ मराठी मसुदा तिघांनी घरी बसून ठरवलेला होता. इंग्रजी प्रत दुसरीकडून टाइप करून आणलेली होती आणि ती मराठीशी जुळते की नाही एवढेच मला पाहायचे होते. सही त्याच दिवशी दुपारी करायची होती.

नवा भागीदार घेण्याच्या कलमापाशी मी थांबले. मराठीत स्पष्ट लिहिले होते, ‘भागीदारांच्या लेखी संमतीशिवाय नवा भागीदार घेता येणार नाही.’ इंग्रजीत ‘पार्टनर’ या शब्दानंतर आधी अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या वरच्या बाजूला येणारे स्वल्पविरामासारखे चिन्ह, आणि मग ‘एस’ होता. याचा अर्थ एकाच भागीदाराची संमती. आणि तो भागीदार कोणता, हेही तिथे सांगितलेले नव्हते. अनेक भागीदारांची संमती म्हणायची असेल तर आधी अनेकवचनाचा ‘एस’ येतो आणि चिन्ह त्याच्यानंतर.

“मॅडम, आम्हाला हे सगळं वाचून दाखवलं होतं, तेव्हा तर बरोबर वाटलं,” धाकटे बंधू म्हणाले. त्यांचे काहीच चुकले नव्हते. नुसते अनेकवचन, एकाची मालकी आणि अनेकांची मालकी, ही तिन्ही रूपे इंग्रजीत ‘पार्टनर्स’ अशीच ऐकू येतात. फरक फक्त डोळ्यांना दिसतो. मी कोऱ्या कागदावर ‘भागीदाराची संमती’ आणि त्याखाली ‘भागीदारांची संमती’ असे लिहून त्यांच्यापुढे ठेवले. आपल्याकडे हे काम ‘रा’वरचा अनुस्वार करतो आणि तो उच्चारातही उमटतो. इंग्रजीत तेच काम हे चिन्ह करते, पण ते मुके आहे. वाचून दाखवलेल्या इंग्रजी दस्तऐवजावर विसंबून सही करू नये असे मी प्रत्येकाला सांगते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

थोरल्यांना काळजी वेगळीच होती. “कायद्यात तर सगळ्यांची संमती लागतेच ना?” त्यांनी विचारले. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३१ मध्ये तसे आहे खरे. परंतु ते कलम भागीदारांनी आपसांत केलेल्या कराराच्या अधीन आहे. करारात वेगळे ठरले असेल तर करार चालतो. त्यामुळे एका भागीदाराने आपल्या मर्जीने कोणाला तरी आत घेतले आणि उद्या वाद उभा राहिला, तर वकील नेमके याच चिन्हावर बोट ठेवू शकला असता. हे ऐकल्यावर तिघेही खुर्च्या पुढे ओढून बसले आणि आम्ही पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

शीतगृहाची शेड थोरल्यांच्या आणि चुलतभावाच्या अशा दोन वेगळ्या गटांवर उभी राहणार होती. सातबारेही वेगळे होते. इंग्रजीत मात्र दोन नावे लिहून चिन्ह फक्त दुसऱ्या नावाला दिले होते, आणि तशी रचना सामाईक मालकी दाखवते. मालकी वेगवेगळी असेल तेव्हा दोन्ही नावांना चिन्ह आणि ‘एस’ लागतो. चुलतभाऊ तोपर्यंत गप्प होते, पण इथे ते ताडकन म्हणाले, “जमीन माझी एकट्याची आहे, ती भागीदारीत नाही.” वारसांच्या कलमात मुलांच्या हिश्शाचा उल्लेख होता, तिथे चिन्ह ‘एस’नंतर पडले होते. ‘चिल्ड्रन’ हे मुळातच अनेकवचन असल्याने तिथे ते ‘एस’च्या आधीच हवे. फर्मच्या हिशेबांसाठी वापरलेल्या ‘इट्स’मध्ये तर चिन्ह नकोच होते, कारण ते घातले की ‘ते आहे’ असा अर्थ होतो.

धाकट्यांनी विचारले की इतका घोळ घालणारे चिन्ह इंग्रजांनी ठेवले तरी कशाला. प्रश्न रास्त होता. जुन्या इंग्रजीत अनेक नामांच्या षष्ठीला ‘ईएस’ असा प्रत्यय लागत असे. पुढे त्यातला ‘ई’ गळाला आणि गळालेल्या अक्षराची जागा दाखवण्यासाठी सोळाव्या शतकात फ्रेंचकडून आलेले हे चिन्ह तिथे बसले. अनेकांच्या मालकीसाठी ते ‘एस’नंतर लिहिण्याची रीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. म्हणजे हा नियम इंग्रजीतही तसा उशिराचाच आहे, आणि तिथल्या दुकानांच्या पाट्यांवरही तो मोडलेला दिसतो. पाटीवर मोडला तर फारसे बिघडत नाही. दस्तऐवजात बिघडते.

संमतीच्या कलमात मी चिन्ह नुसते सरकवले नाही, ते काढूनच टाकले आणि ‘सर्व विद्यमान भागीदारांची’ असा अर्थ देणारी ‘ऑफ’ची रचना केली. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये पुसट होणाऱ्या एका रेघेवर तिघांचा हक्क टांगून ठेवणे मला पटत नाही. जमिनीच्या कलमातही दोघांचे गट क्रमांक स्वतंत्र वाक्यांत लिहिले. मग मराठी आणि इंग्रजी प्रती शेजारी ठेवून तिघांनी प्रत्येक कलमावर बोट फिरवत त्या ताडून पाहिल्या आणि सही दुसऱ्या दिवसावर ढकलली.

निघताना धाकट्यांनी मोबाइलवर द्राक्षांच्या खोक्याचे डिझाइन दाखवले. ‘ग्रेप’ आणि ‘एस’ यांच्या मधोमध ठळक अपॉस्ट्रॉफी होती. द्राक्षे कशाचीही मालक नव्हती, ते साधे अनेकवचन होते. त्यांनी माझ्यासमोरच छापखान्याला फोन लावला आणि छपाई थांबवायला सांगितली.