मखराची माळ, नोंद 3 : पहिली सर पेटली

ठाणे. 24 पांढऱ्या एलईडींपैकी पहिली सर तयार. 5 मिमीच्या तीन एलईडी, 150 ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर (तपकिरी-हिरवा-तपकिरी), 12 व्होल्ट 1 अँपिअरचा अडॅप्टर. अशा आठ सरी समांतर जोडायच्या आहेत.

अडॅप्टरवर 12.10 व्होल्ट. एलईडींवर 3.06, 3.02 आणि 3.08, उरलेले 2.94 रेझिस्टरवर. सर तीन ठिकाणी सोडवून मीटर मध्ये घातला, तिन्हीकडे 19.6 मिलिअँपिअर. तेव्हा रेझिस्टर प्लसकडे लावा की मायनसकडे, काही फरक नाही. ‘पहिल्या एलईडीने करंट खाल्ला म्हणून शेवटची मंद’ हे एकसर (एकापाठोपाठ एक) जोडणीत होतच नाही. खरं तर सर सोडवायचीही गरज नव्हती: 2.94 ला 150 ने भागलं की तोच आकडा. मीटर करंटवर ठेवून चुकून अडॅप्टरच्या दोन टोकांना लावला, तर फ्यूज गेलाच समजा.

तीनच्या जागी चार बसवायचा मोह होतो. चौघींना पूर्ण करंटवर 12.2 व्होल्ट हवेत, म्हणजे रेझिस्टरला काही उरतच नाही. पेटतात, पण मिणमिणत्या.

फसवा दोष म्हणजे शॉर्ट झालेली, म्हणजे आतून दोन्ही टोकं थेट जुळलेली एलईडी. ती विझते, पण बाकीच्या दोघी जास्त उजळतात, त्यामुळे वरवर छान वाटतं. तिचे तीन व्होल्ट रेझिस्टरवर येतात, करंट 39 मिलिअँपिअरच्या आसपास जातो आणि पाव वॉटच्या रेझिस्टरवर 0.22 वॉट. हात लावून बघा, चटका बसेल. पुढचा नंबर उरलेल्या दोघींचा.

एलईडी ओपन झाली, म्हणजे आतून तुटली, तर अख्खी सर बंद. चांगल्यांवर आणि रेझिस्टरवर जवळपास शून्य, व्होल्टेज दिसतं ते फक्त तुटलेलीवर. पण तिथे पूर्ण 12 ची वाट बघू नका. मीटरमधून मायक्रोअँपिअरभर करंट वाहतो, तेवढ्यावरही दोन चांगल्या एलईडी दोन-सव्वादोन व्होल्ट धरून ठेवतात. मीटर 7 ते 8 दाखवतो.

राहिले सांधे. इथल्या पावसाळी हवेत नुसत्या पिळलेल्या तारा काळ्या पडतात. सांध्याच्या दोन बाजूंना प्रोब लावल्यावर अर्धा व्होल्ट दिसला, तर तिथे 30 ओहम बसलेत आणि सगळ्या सरीचा करंट 16 वर आलाय. घासून सोल्डर करा, वर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी). उरलेल्या सात सरींना हे आधीच करणार.