हिरवा बंदच होईना

हेडलाइटमध्ये रंग बदलणारे एलईडी बसवायचे, हे डोक्यात आलं तेव्हा वाटलं होतं की एका रविवारचं काम आहे. सकाळी उघडायचं, दुपारी जोडायचं, अंधार पडला की मोबाइलवरून रंग फिरवत बसायचं. तीन रविवार गेले. त्यात प्रत्यक्ष एलईडी बसवायला गेलेला वेळ काढला तर दीड तासही भरणार नाही. बाकी सगळा वेळ हेडलाइट उघडणं, बंद करणं, पुन्हा उघडणं आणि आपलं नेमकं कुठे चुकलं हे शोधणं यात गेला.

मला हवं होतं ते साधंच. मूळ बल्ब, त्याचा प्रकाश, त्याचा झोत, कशालाच हात लावायचा नव्हता. लो बीमच्या, म्हणजे जवळच्या झोताच्या, प्रोजेक्टरभोवती (पुढच्या गोल भिंगाभोवती) एलईडीची एक गोल रिंग हवी होती आणि गाडी उभी असताना तिचा रंग बदलता यावा एवढंच. चालत्या गाडीत रंग लावायचे नाहीत हे आधीच ठरवलं होतं. पुढून लाल प्रकाश दिसला तर समोरचा त्याला दुसऱ्या गाडीचा मागचा दिवा समजतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनदिव्यांच्या नियमावलीत (क्रमांक 48) पुढच्या बाजूला असा लाल दिवा चालत नाही, त्याचं कारण हेच. निळा तर बऱ्याच देशांत पोलीस आणि रुग्णवाहिकांसाठी राखीव. म्हणून हा सगळा खेळ गाडी उभी असतानाचा.

रिंग घेताना दोन प्रकार समोर होते. एकात प्रत्येक एलईडीला स्वतःची चिप असते, त्यामुळे रंग पळवता येतात, पाठलाग करणारी शेपटी काढता येते. दुसरा जुना, चार तारांचा: एक सामाईक प्लस आणि लाल, हिरवा, निळा यांची एकेक मायनस. यात अख्खी रिंग एका वेळी एकाच रंगाची. मी दुसरा घेतला. पहिल्या प्रकारात सिग्नल एका चिपमधून पुढच्या चिपमध्ये जातो. मधली एक मेली की तिच्यापुढची सगळी रांग आंधळी होते. टेबलावर ते चालून जातं. चिकटवून बंद केलेल्या हेडलाइटमध्ये एका चिपसाठी पुन्हा काच उघडायची वेळ येते. एक चूक मात्र झाली. पाच तारांची, वेगळा पांढरा असलेली रिंग घ्यायला हवी होती. लाल, हिरवा, निळा मिळून जो पांढरा होतो तो आजारी, निळसर दिसतो.

बसवण्याआधी रिंग टेबलावर जोडून तासभर चालवली, आणि तिथेच एक गोष्ट बरी सुचली. रिंगवर 12 व्होल्ट लिहिलेलं असतं. गाडी काही 12 व्होल्टची नसते. मल्टिमीटर लावला तर इंजिन बंद असताना 12.6 आणि चालू असताना 14.2. दोन व्होल्टने काय बिघडतं असं वाटेल, पण हिशोब करून बघा. रिंगमध्ये तीन निळ्या एलईडी एकापाठोपाठ जोडलेल्या असतात. प्रत्येकीला साधारण 3.2 व्होल्ट, म्हणजे 9.6. बारामधून उरले 2.4, ते रेझिस्टरवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या भागावर, पडतात. 14.2 मधून उरतात 4.6. म्हणजे करंट जवळजवळ दुप्पट! अशी रिंग पहिल्या दिवशी झगझगीत दिसते आणि काही महिन्यांत तिचे ठिपके एकेक करून विझायला लागतात. म्हणून कंट्रोलरच्या (मोबाइलवरून हुकूम घेऊन रंग बदलणाऱ्या डबीच्या) आधी 12 व्होल्ट कायम ठेवणारा छोटा रेग्युलेटर टाकला.

पहिला रविवार. गाडी भिंतीसमोर सपाट जागेवर उभी केली, लो बीम लावला आणि भिंतीवर जिथे प्रकाश कापला जातो त्या रेषेवर चिकटपट्टी लावून ठेवली. हेडलाइट परत बसवल्यावर झोत पूर्वीच्याच उंचीवर आहे ना, हे बघायला ती खूण लागते. नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला पत्ताही नसतो. मग बॅटरीची मायनस काढली. बंपर काढायला दहाचा पाना आणि भरपूर धीर लागला. प्लास्टिकच्या क्लिपा जोर लावला की तुटतात आणि सैल सोडल्या की निघत नाहीत. या कामात धाकटा भाऊ माझ्यापेक्षा सरस निघाला.

हेडलाइटची काच म्हणतो ती खरं तर पॉलिकार्बोनेटची असते आणि मागच्या काळ्या डब्याला ब्यूटाइलने चिकटवलेली असते. ब्यूटाइल म्हणजे कधीच न वाळणारा चिकट रबरी लगदा. गरम केला की मऊ पडतो. बरेच जण अख्खा हेडलाइट शंभरेक अंश तापमानाच्या ओव्हनमध्ये ठेवतात. मी टेप घेऊन ओव्हन मोजत होतो तेवढ्यात आई आली.

"काय मोजतोयस रे?"

"काही नाही, गाडीचा दिवा आत मावतो का बघतोय."

"मावला तरी मावणार नाही," ती म्हणाली आणि विषय संपला. तसाही चार बोटं लांबच होता.

मग हीट गन. कडेकडेने फिरवत राहायचं, एका जागी थांबायचं नाही, कारण तिथे काच लगेच वाकडी होते. एक कोपरा मऊ झाला की प्लास्टिकची पट्टी सारायची आणि हळू ओढायचं. पहिला कोपरा सुटला तेव्हाचा तो आवाज अजून कानात आहे: फाटल्यासारखा नाही, सुस्कारा सोडल्यासारखा. काच वर येते आणि तिच्यासोबत ब्यूटाइलच्या काळ्या, चकचकीत तारा ताणल्या जातात, केसासारख्या बारीक होत जातात आणि तुटल्या की वाऱ्यावर तरंगत नेमक्या आतल्या चकचकीत भागावर जाऊन बसतात. त्या आत पडू द्यायच्या नाहीत. आतला रिफ्लेक्टर म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, फडक्याने पुसला तरी ओरखडतो. मी त्याला हात लावलाच नाही, फक्त हवा मारली. हॅलोजन बल्बच्या काचेलाही उघड्या बोटांनी शिवायचं नाही. बोटाचं तेल राहतं तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

रिंग चिकटवताना मी आगाऊपणा केला. इपॉक्सी सुकायला वेळ लागतो म्हणून झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरला. दहा मिनिटांत बसली, खूश झालो. तासाभराने बघतो तर रिंगच्या भोवतीच्या काळ्या बेझेलवर, म्हणजे आतल्या सजावटीच्या चौकटीवर, पांढरट धुकं. सुपरग्लू सुकताना त्याची वाफ निघते आणि आजूबाजूला पांढरी पावडर होऊन बसते, हे मला तोवर माहीत नव्हतं. बरं झालं की काच अजून उघडीच होती, नाहीतर ते धुकं आतून काचेवर बसलं असतं. पुसून बरंचसं गेलं, सगळं नाही. दुसऱ्या बाजूला मुकाट्याने इपॉक्सी लावली आणि रात्रभर ठेवली.

जोडणीसाठी पार्किंग लाइटच्या वायरीतून वीज घ्यायचा मोह होतो, कारण ती तिथेच असते. पण नव्या गाड्यांत दिव्यांवर कॉम्प्युटरची नजर असते. बल्ब शाबूत आहे का हे तपासायला तो मधूनमधून बारीक झटके पाठवतो. साध्या बल्बला ते जाणवत नाहीत, एलईडी मात्र लुकलुकते. म्हणून वीज फ्यूजच्या पेटीतून घेतली, चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या जागेतून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून वेगळी वायर काढून देणारा जोड) लावून. त्यात तीन अँपियरचा वेगळा फ्यूज टाकला. दोन्ही रिंगा मिळून एक अँपियरही खात नाहीत.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सगळं जोडून झालं. भाऊ मोबाइल घेऊन समोर उभा राहिला. लाल लाव म्हटलं तर उजवीकडे लाल, डावीकडे पिवळट. निळा लाव म्हटलं तर उजवीकडे निळा, डावीकडे समुद्राच्या पाण्यासारखा काहीतरी. सगळे रंग बंद केले.

"दादा, डावीकडचा हिरवा बंदच होत नाहीये."

कंट्रोलर बिघडलाय असं वाटलं. डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल केली तर हिरवा डावीकडेच राहिला, म्हणजे कंट्रोलर निर्दोष. मग कंट्रोलरपासून डावी हिरवी तार सोडवली, तरीही हिरवा चालूच! तार कशालाच जोडलेली नाही आणि दिवा लागलाय, यावर दोघंही जरा गप्प झालो.

उत्तर सुचलं ते जेवताना. या रिंगांत प्लस सगळ्यांना सामाईक आणि कायम असतो. कंट्रोलर चालू-बंद करतो ती मायनस. आणि गाडीचा अख्खा पत्रा म्हणजे मायनस. हिरवी तार कुठेतरी सोलवटून पत्र्याला टेकली असेल तर तिला कंट्रोलरची गरजच उरत नाही. फ्यूज उडायचाही प्रश्न नाही, कारण करंट रिंगमधूनच, तिच्या रेझिस्टरमधूनच जातो. टॉर्च घेऊन खाली आलो. हेडलाइटच्या मागच्या ब्रॅकेटची कड धारदार होती आणि तिथे दाबून बसवताना तार चेपली गेली होती. इन्शुलेशनवर तांदळाएवढी चीर आणि आत तांबं चमकत होतं. सोल्डर, हीट श्रिंक (तापवली की तारेवर आवळणारी नळी), वरून जाळीदार बाही. हिरवा शहाण्यासारखा बंद झाला.

भिंतीवरच्या पट्टीशी झोत जुळवून पाहिला, उजवीकडचा थोडा वर गेला होता. मागचा स्क्रू फिरवून खाली आणला. काम झालं असं समजलो. चार दिवसांनी गाडी धुतली आणि दुसऱ्या दिवशी उजव्या हेडलाइटच्या आत बारीक थेंब.

आता थोडी वाफ धरणं हा काही दोष नाही. हेडलाइट हवाबंद नसतोच. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर जाते, निवला की बाहेरची आत येते. त्यासाठी मागे श्वास घ्यायची छिद्रं ठेवलेली असतात. कडेला हलकं धुकं आलं आणि दिवा लावल्यावर गेलं तर काळजी नको. माझ्या काचेवरून मात्र ओघळ येत होते आणि तळाशी चमचाभर पाणी साचलं होतं.

मी सरळ काचेच्या कडेवर संशय घेतला. तिसरा रविवार: पुन्हा बंपर, पुन्हा हीट गन. जुनं ब्यूटाइल खरवडून काढलं, नवी दोरी खाचेत सलग बसवली, काच दाबून क्लॅम्प लावले. गाडी धुतली. पुन्हा पाणी.

तेव्हा कुठे डोकं ताळ्यावर आलं. हेडलाइट गाडीतून काढून हातात धरला, भावाला मागून फवारा मारायला सांगितलं आणि पुढच्या काचेतून टॉर्चने आत बघत बसलो. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग मागच्या रबरी झाकणापाशी, जिथून मी रिंगची तार बाहेर काढली होती, तिथे एक थेंब तयार झाला. तारेला धरून आत सरकला, रिंगपर्यंत आला, थांबला, जड झाला आणि टपकला. झाकणाला भोक पाडून मी त्यात सिलिकॉन भरलं होतं. पण ते रबर तेलकट होतं आणि सिलिकॉन त्याला धरलंच नव्हतं, नखाने उचललं तर आख्खं बूच हातात आलं. काचेची कड बहुतेक पहिल्यापासूनच ठीक होती. एक रविवार उगाच गेला.

भोकात मापाचं ग्रोमेट, म्हणजे तारेभोवती घट्ट बसणारं रबरी कडं, बसवलं. तार बाहेर आल्यावर सरळ वर नेली होती, तिला आधी खाली झोळ दिला, मग वर नेली; म्हणजे तारेवरून येणारं पाणी झोळाच्या तळाशी गळतं, भोकापर्यंत पोचत नाही. त्यानंतर आतापर्यंत काच कोरडी आहे.

आता एका मित्राला त्याच्या गाडीत असंच करून हवंय. बोनेट उघडून त्याच्या हेडलाइटची कड नखाने दाबून पाहिली. माझ्याकडे तिथे मऊ ब्यूटाइल होतं, त्याच्याकडे दगडासारखा कडक सीलंट. असा हेडलाइट तापवला तरी सुटत नाही, काच कापूनच काढावी लागते. बोनेट बंद करून त्याला म्हटलं, तुझी ग्रिल छान आहे, तिथेच लावू काहीतरी.